होल्रॉइडबाईंचे गुरुवार

मर्टल होल्रॉइड एका किटलीवर दोन तास बसू शकायच्या. आमच्या चहाघरात तो थट्टेचा विषय होता. गुरुवारी पावणेतीनच्या सुमारास त्यांची हिरवी गाडी चर्चच्या भिंतीला लागली की हेस्टरमावशी स्वयंपाकघरातून ओरडायची, "ऑड्री, मधलं टेबल गेलं गं आजच्या दिवसापुरतं!" आणि मी हसत हसत जास्तीचं पाणी उकळायला ठेवायची.

सांगताना लाज वाटते. पण सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण आम्ही हसत होतो हे खरं आहे.

लिंडरबीतलं ते चहाघर मावशीचं. दगडी घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, नऊ टेबलं, एक कोळशाची शेगडी, आणि वरच्या मजल्यावर आम्ही दोघी. उन्हाळ्यात चिखलाचे बूट घातलेले डोंगर तुडवणारे लोक यायचे, रविवारी ब्रॅडफर्डकडून मोटारी यायच्या, अधूनमधून म्हाताऱ्यांची सहलीची बस यायची. इतर दिवशी शुकशुकाट. तरी मावशी बारा महिने साडेपाचपर्यंत दार उघडं ठेवायची. वर जाऊन तरी काय करायचं, असं तिचं म्हणणं. आसपासची बाकीची चहाघरं थंडीत चारलाच बंद व्हायची.

होल्रॉइड नवरा-बायको कीथलीहून यायचे. १९७१ साली यायला लागले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि होल्रॉइडबाई शेहेचाळीसच्या. बाई बारीक चणीच्या. करडा कोट गळ्यापर्यंत बंद, हातांत लोकरी हातमोजे, डोक्यावर टोपी आणि तिला टाचणी. साहेब मात्र सहा फूट. एका गिरणीत मागांवर देखरेख करायचे, छातीच्या दुखण्यामुळे लवकर घरी बसलेले. आवाज इतका मऊ की ऐकायला वाकावं लागायचं. चॅपलच्या, म्हणजे त्यांच्या लहानशा चर्चच्या, गायकवृंदात गायचे, रविवारी वर्गणीची थाळी फिरवायचे. बायकोची खुर्ची मागे ओढून द्यायचे, कोट काढून घ्यायचे, स्कोन, म्हणजे आमचा तो लहान गोडसर पाव, कापून तिच्या ताटलीत ठेवायचे.

एकदा मी सँडविचची ताटली ठेवता ठेवता म्हटलं, "होल्रॉइडबाई, नशीबवान आहात हो. आमच्या गावातले पुरुष बायकोला दाराबाहेर काढताना दिसत नाहीत."

"हो," बाई म्हणाल्या. "सगळे तसंच म्हणतात."

साहेब हसले. "तिला चहाघरांचं भारी वेड," ते म्हणाले. "माझी आपली ड्रायव्हरची नोकरी."

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी एका गुरुवारी साहेब गाडीच्या चाकाकडे बघायला बाहेर गेले होते. मी टेबल पुसत होते. बाईंनी टेबलक्लॉथच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथं विरलंय." मला काहीच दिसेना. त्यांनी पिशवीतून सुई काढली, कापडातलाच एक धागा ओढून घेतला आणि बघता बघता ती जागा अशी भरून काढली की मी पुन्हा शोधायला गेले तर सापडेना.

"कुठं शिकलात हो?"

"गिरणीत. लग्नाआधी रफूखात्यात होते मी. मागावरून कापड आलं की खिडकीशी उभं राहायचं आणि बोटांखालून सरकवायचं. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना लागतं. एकदा का हात बसला की झोपेतसुद्धा गाठ सापडते."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी बघतच राहिले. त्यांनी सुई परत पिशवीत ठेवायला हात लांब केला आणि स्वेटरची बाही वर सरकली. मनगटाच्या वर चार पिवळे डाग होते, आणि पलीकडच्या बाजूला एक. चार बोटं आणि अंगठा.

मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. बाही खाली ओढून घेतली.

"दार लागलं हाताला," त्या म्हणाल्या.

"हो का," मी म्हटलं.

रात्रीचा स्वयंपाक करताना मी मावशीला सांगितलं. मावशीनं सोललेला बटाटा पातेल्यात टाकला.

"ऑड्री, आपण चहा विकतो."

"म्हणून काय गप्प बसायचं?"

"बोल ना. उद्या जा आणि बोल. थाळी फिरवणारा माणूस आहे तो, त्याच्याविरुद्ध तुझं कोण ऐकणार? आणि तू बोललीस की तो तिला इथं आणायचा बंद होईल. मग तिला दोन तास तरी कुठं बसायला मिळणार आहेत?"

त्या वेळी मला वाटलं मावशी घाबरट आहे. पण मीही बोलले नाही. मात्र त्यानंतर मी त्या दोघांकडे नीट बघायला लागले. बाई कधीच खिडकीशी किंवा कोपऱ्यात बसत नसत. माणसांच्या मध्ये बसायच्या. घोट अगदी लहान घ्यायच्या. केक आधी चार तुकड्यांत कापायच्या, मग आठ. घड्याळाकडे बघायच्या, पण घाईच्या माणसासारख्या नाही. उशीर व्हावा म्हणून बघायच्या.

पुढं कधीतरी त्यांनी आपणहूनच सांगितलं. साहेब दारात पाद्रीबुवांशी बोलत उभे होते. बाईंनी मला विचारलं, "ग्रासिंग्टनचं चहाघर थंडीत किती वाजता बंद होतं गं?"

"चारला."

"आणि नदीकाठचं ते नवीन?"

"तेही चारला. का हो?"

"म्हणजे तुमचंच एक." त्यांनी किटलीवरचं लोकरी टोपडं नीट बसवलं. मग दाराकडे नजर ठेवून, हवापाण्याचं बोलावं तशा आवाजात बोलत गेल्या. "एकदा आम्ही व्हिटबीला गेलो होतो, समुद्रावर. सहासष्ट साली. पाऊस आला म्हणून एका चहाघरात शिरलो ते तीन तास अडकलो. तीन तास हे माझ्याशी चांगले बोलले, ऑड्री. माणसं होती ना आजूबाजूला. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मग हे कायमचे घरी बसले तेव्हा म्हटलं, डॉक्टर म्हणतात तुमच्या छातीला डोंगरातली हवा हवी. पटलं ह्यांना. गुरुवारी सातला गाण्याची तालीम असते ह्यांची. इथून साडेपाचला निघालो की सव्वासहाला घर. जेवण होईतो निघायची वेळ होते. साडेनवाला दमून येतात ते झोपतात. आख्खा गुरुवार जातो चांगला."

"आणि बाकीचे दिवस?"

"गुरुवार चांगला जातो," त्या पुन्हा म्हणाल्या. तेवढ्यात साहेब आत आले आणि बाईंनी उरलेल्या स्कोनचे आणखी दोन तुकडे केले.

अशी सात-आठ वर्षं गेली. मी गरम पाणी न मागता आणून द्यायला लागले होते, आणि मला वाटायचं आपण फार काही करतोय.

एकोणऐंशीच्या जानेवारीत बर्फानं कहर केला होता. शाळा बंद, दुधाची गाडी दोन-दोन दिवस यायची नाही. त्या गुरुवारी मावशी तापानं वर पडलेली. गिऱ्हाईक येईल असं मला वाटलंच नव्हतं, पण पावणेतीनला हिरवी गाडी आली. चाकांना साखळ्या बांधून साहेब आले होते. एवढ्या बर्फात बाईंनी त्यांना कसं राजी केलं असेल देव जाणे.

माझं आणि लेनर्डचं तेव्हा नुकतंच ठरत होतं. लेनर्ड आमचा पोस्टमन. त्यानं त्या संध्याकाळची सिनेमाची तिकिटं काढली होती, आणि रस्ता असा म्हणून साडेचारलाच निघायचं होतं. चारला दहा कमी असताना मी टेबलापाशी गेले आणि म्हटलं, "आज जरा लवकर बंद करते हं. चारला."

बाईंनी किटलीचं झाकण उचलून आत पाहिलं. "आहे अजून थोडा," त्या म्हणाल्या. किटली रिकामी होती, मलाही दिसत होती.

"चल मर्टल," साहेब उठले. "त्या मुलीला तिची कामं असतील."

"ऑड्री, मी भांडी घासू लागते ना तुला. मावशी आजारी आहेत. साडेपाचपर्यंत सगळं आवरून देते. फरशीसुद्धा पुसते."

"मर्टल," साहेब हसून म्हणाले, "त्या मुलीला वाटेल आपल्या घरी भांडी नाहीत."

आणि मग बाईंनी माझ्या एप्रनचं टोक धरलं. साहेबांच्या देखत. बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट धरलं. मी साहेबांकडे पाहिलं. हसू तसंच होतं, पण ते हसू आता त्यांच्या तोंडावर कुणीतरी विसरून गेल्यासारखं होतं. त्यांना कळलं होतं. बाईंना घरी जायचं नाही हे, आणि मला ते माहीत आहे हेही.

मलाही कळलं होतं. नंतर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं की मला कळलं नव्हतं. पण कळलं होतं.

मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. म्हटलं, "पुढच्या गुरुवारी याल ना, तेव्हा बसा हवं तितका वेळ."

ते गेले. मी कडी घातली. टेबल आवरताना खुर्चीवर बाईंचे लोकरी हातमोजे सापडले. पळत गेले असते तर गाडी वळायच्या आत गाठता आली असती. मी ते कपाटावर ठेवले, पुढच्या गुरुवारसाठी, आणि वर केस विंचरायला गेले. सिनेमा कोणता होता ते आज मला आठवत नाही.

पुढचं मला दोन दिवसांनी कळलं. माळरानावर, जिथं दोन्ही बाजूंना मैल-मैल घर नाही, तिथं साहेबांनी गाडी थांबवली. "तुला घरी यायचं नाही ना? मग नको येऊस," एवढंच म्हणाले. बाईंना उतरवलं आणि निघून गेले. सातला तालमीला हजर होते. आयझॅक मेटकाफ नावाचा धनगर बर्फात अडकलेल्या मेंढ्या शोधत फिरत होता, त्याला बाई एका दगडी कुंपणाच्या आडोशाला सापडल्या. दोन्ही हात काखेत घालून बसल्या होत्या. साहेब काय म्हणाले ते त्यांनी त्यालाच एकदा सांगितलं, पुन्हा कुणाला नाही. जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं पेरापासून कापावी लागली.

पोलिसाला त्यांनी सांगितलं की कुंपणात एक मेंढी अडकलेली दिसली, ती पाहायला मी उतरले, ह्यांना वाटलं मी मागच्या सीटवर बसले. पोलिसानं लिहून घेतलं. लिहिताना तो वर बघत नव्हता, असं आयझॅक म्हणाला. गायकवृंदानं रविवारी बाईंसाठी खास प्रार्थना म्हटली. साहेब पहिल्या रांगेत उभे राहून गायले.

मी मोजे घेऊन इस्पितळात गेले. पलंगाशेजारी द्राक्षांची टोपली होती, साहेबांनी आणलेली. साहेब नुकतेच जेवायला गेले होते.

"अगं बाई, विसरलेच होते हे," मोज्यांकडे बघून त्या म्हणाल्या. उजवा हात बँडेजमध्ये होता. हातमोजा घालायचा कशावर?

"माझं चुकलं," मी म्हटलं. "मी तुम्हाला—"

"तुझं काय चुकलं? दुकान तुझं, बंद करायची वेळ तुझी."

"आमच्याकडे या. वरची एक खोली रिकामी आहे. मावशीला विचारलंय मी." विचारलं नव्हतं.

त्या खिडकीकडे वळल्या. "लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा बहिणीकडे गेले होते मी," त्या म्हणाल्या. "इरीनकडे. पिशवी घेऊन. तिनं मला जवळ घेतलं, चहा केला, अंथरूण घातलं. आणि दूध आणते म्हणून कोपऱ्यावर गेली ती ह्यांना फोन करून आली. सख्खी बहीण. तिला वाटलं ती माझं भलंच करतेय." मग माझ्याकडे वळल्या. "तू जा आता. हे येतील."

मी गेले.

त्यानंतर सात वर्षं ते आमच्याकडे आले नाहीत. फिरायला जाणं मात्र बंद झालं नव्हतं. सहलीच्या बसचा ड्रायव्हर सांगायचा, अमुक ठिकाणी दिसले, तमुक बागेतल्या चहाघरात दिसले. फरक एवढाच झाला होता की आता चहाघर साहेब निवडायचे. आणि जे सगळ्यांत लवकर बंद होतं तेच निवडायचे.

त्या सात वर्षांत मावशी गेली, माझं आणि लेनर्डचं लग्न झालं, दुकान माझं झालं. शहाऐंशीच्या मे महिन्यात, गुरुवारीच, चॅपलची गाडी दारात थांबली. दोघा माणसांनी चाकाची खुर्ची उतरवली. तिच्यात साहेब होते. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली, तोंड एका अंगाला ओघळलेलं, बोलता येत नव्हतं, नुसता घशातून आवाज निघायचा. खुर्ची ढकलत मागून मर्टलबाई. अंगानं भरल्या होत्या. केस सेट केलेले, गळ्यात निळा स्कार्फ. मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मधलं टेबल आहे ना रिकामं?" त्यांनी विचारलं. "आज सगळं आण ऑड्री. सँडविच, स्कोन, घट्ट साय, फ्रूटकेक, चीज. ह्याला आवडतं."

मी तीन मजल्यांचं स्टँड भरून नेलं. बाईंनी डाव्या हातानं चहा ओतला, दूध घातलं, साखर ढवळली. आणि कप साहेबांच्या उजव्या बाजूला ठेवला. लुळ्या हाताच्या बाजूला, टेबलाच्या पार कडेला.

"पी ना रे क्लिफर्ड. इथला चहा आवडतो ना तुला?"

साहेबांनी कपाकडे पाहिलं. डावा हात उचलला, अंगावरून पलीकडे न्यायचा प्रयत्न केला. पोचला नाही. बाई स्कोनला साय लावत होत्या. तोही त्यांनी तिकडेच ठेवला, कपाशेजारी. शेजारच्या टेबलावर लीड्सहून आलेल्या दोघी बायका होत्या. बाईंनी त्यांच्याशी गप्पा काढल्या, फुलझाडांच्या, जावयांच्या.

"किती करता हो तुम्ही ह्यांचं," त्यातली एक म्हणाली. "बाहेर फिरवता, आवडीचं खायला घालता. कोण करतं आजकाल?"

"चालायचंच," बाई म्हणाल्या. साहेबांच्या एका डोळ्यातून पाणी ओघळत होतं. बाईंनी रुमाल काढून ते हलक्या हातानं टिपलं. तासाभरानं गार झालेला भरला कप माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आज नको वाटतं ह्याला. दुसरा गरम ओत." आणि दुसराही त्यांनी तिथंच ठेवला. बरोबर दोन तास बसल्या.

दर गुरुवारी तेच. तिसऱ्या खेपेला माझी खात्री पटली की हे चुकून होत नाही. आणि जे खरं आहे ते सांगते, मला बरं वाटलं. मी हौसेनं जास्त साय घालून द्यायची. त्यांना वास यावा म्हणून स्कोन गरम करून द्यायची. रात्री लेनर्डला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्ही दोघी मिळून करताय म्हण की." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

ऑगस्टात एक दिवस फार उकडत होतं. साहेबांचे ओठ फुटले होते. ते कपाकडे बघून आवाज काढत होते, बारीक, दाराबाहेर राहिलेल्या कुत्र्यासारखा. सगळी टेबलं भरलेली, कुणाचं लक्ष नव्हतं. बाई पाठमोऱ्या होऊन कुणाशी तरी बोलत होत्या. मी गेले आणि कप उचलून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यांनी तो दोन घोटांत संपवला. निम्मा छातीवर सांडला. कप खाली ठेवायचं भान नव्हतं, तसाच तोंडाशी धरून राहिले.

थोड्या वेळानं मर्टलबाई स्वयंपाकघरात आल्या. दार मागे लोटून घेतलं.

"त्या दिवशी तू कडी घातलीस ऑड्री, तेव्हा मी तुला काही बोलले का?"

"नाही."

"मग आज मध्ये पडू नकोस."

माझे हात साबणात होते. मला भीती वाटली, की बाहेरच्या कुणाच्या कानावर जाईल, की दुकानाचं नाव जाईल. मी म्हटलं, "इथं नको हो मर्टल. घरी काय ते करा."

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं.

बाई हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना खळखळून हसताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते मला पुन्हा बघायला नको आहे.

"घरी?" त्या म्हणाल्या. "घरी मी त्याला वेळेवर भरवते. दर तीन तासांनी कूस बदलते. पाठीला तेल लावते. नर्स येते ती म्हणते, एक जखम नाही हो अंगावर. घरी काही करून काय उपयोग? घरी कोण आहे बघायला?" कापलेल्या बोटांचा हात त्यांनी ओट्यावर ठेवला. "तो लोकांसमोर चांगला होता. मी पण लोकांसमोर चांगलीच आहे. विचार त्या बायकांना."

त्यांच्यावर रागवायचा हक्क मला नाही, हे मला ठाऊक होतं. पण तो आवाज कानात होता. शेवटी मी एवढंच म्हटलं की पुढच्या खेपेपासून साहेबांचा कप मी स्वतः ठेवीन. डाव्या हाताशी.

"मग आम्ही येणार नाही."

"बरं," मी म्हटलं.

त्या आल्या नाहीत. दुसरीकडे कुठं जात होत्या का, आणि तिथं कप कुठं ठेवला जात होता, ते मी कुणाला विचारलं नाही. ऑक्टोबरात साहेबांना दुसरा झटका आला आणि ते गेले.

मातीनंतरच्या चहाचं काम बाईंनी माझ्याकडेच दिलं. फोनवर म्हणाल्या, "हॅमचे सँडविच कर. कडा कापून. सगळं नीट हवं." चॅपलच्या सभागृहात साठएक माणसं होती. बाई काळ्या कपड्यांत, डाव्या हातात ताटली घेऊन प्रत्येकापाशी जात होत्या. गायकवृंदाचे म्होरके डोळे पुसत म्हणाले, "तेहतीस वर्षं झाली लग्नाला. लोकांसमोर कधी एक वाकडा शब्द ऐकला नाही क्लिफर्डच्या तोंडून."

"लोकांसमोर नाही," बाई म्हणाल्या. "घ्या ना अजून एक."

आता त्या मोकळ्या झाल्या, आता हिंडतील-फिरतील, असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही. चॅपलच्या बायका सहलीला बोलवायला यायच्या, त्यांना त्या दारातूनच परत पाठवायच्या. मी चारदा गेले, दोनदा दार उघडलं. आत पडदे ओढलेले असायचे. दुसऱ्या खेपेला टेबलावर कापडाचा तुकडा आणि सुई होती. तुकड्याला मध्यभागी एक भोक होतं आणि भोवती डाव्या हातानं घातलेले वेडेवाकडे टाके, उसवलेले, पुन्हा घातलेले, पुन्हा उसवलेले.

"जमत नाही," त्या म्हणाल्या.

"येईल हळूहळू."

"नाही येत ऑड्री. सहा महिने झाले बसतेय." मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं तो गेला की मला बरं वाटेल. त्या खुर्चीत होता तेव्हा वाटायचं. दर गुरुवारी, दोन तास. आता तेही नाही." दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत इस्पितळातून फोन आला. मर्टल होल्रॉइड तीन दिवसांपासून दाखल आहेत, न्यूमोनिया आहे, तुम्ही येऊ शकाल का? मी म्हटलं, मलाच कसा काय फोन? तर परिचारिका म्हणाली, दाखल होताना त्यांनी तुमचं नाव दिलंय.

मी पोचले तोवर चाळीस मिनिटं उशीर झाला होता. चादर तोंडावरून घेतलेली होती. परिचारिकेनं एक कागद पुढं केला. त्यावर 'जवळचं माणूस' या शब्दांपुढं माझं नाव होतं, डाव्या हाताच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत. खाली 'नातं' असा रकाना होता. तिथं त्यांनी लिहिलं होतं, शेजारीण.

कीथली ते लिंडरबी अकरा मैल आहे.

"तुम्ही शेजारच्याच ना?" परिचारिकेनं विचारलं. "इथं सही करा. चष्मा, कवळी आणि कोट, एवढंच सामान आहे."

"हो," मी म्हटलं, आणि सही केली.